सालाचा फोड

हलब, सीरिया
९ मे १९७५

मुनीर,

तुझी मुलगी पोचली. विमानात ज्या बाईच्या ताब्यात तू तिला दिलं होतंस, तिने वाटभर पोरीला चॉकलेटं चारली. त्यामुळे लमीस आधी माझ्या अंगावर ओकली आणि मग मला आत्या म्हणाली. अकरा वर्षांनी तुझ्याकडून आलेली ही पहिली भेट. झगा तीनदा धुतला, वास अजून गेलेला नाही.

तू लिहितोस की कोलेट तुला आणि मुलीला सोडून गेली, तुझे प्रयोगशाळेतले प्रयोग वर्षअखेरीस संपतील, तोवर मुलीला सांभाळ. त्यात विनंतीचा एक शब्द नाही. आई गेली तेव्हाही तुझी तार अशीच होती, प्रयोग अर्धवट टाकून येता येत नाही म्हणून. तेव्हा मी आईला एकटीने पोचवलं. आता तुझ्या मुलीलाही एकटीने वाढवीन. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे.

काल संध्याकाळी उम्म सब्री आली. गल्लीच्या टोकाची सुईण, आपल्या दोघांनाही तिनेच बाहेर काढलं. दात सगळे गेले, जीभ शाबूत आहे. तिने लमीसची हनुवटी धरली आणि बाजारात खरबूज बघावं तसं तिचं तोंड या अंगाने त्या अंगाने फिरवून पाहिलं.

"हिला अजून सालाचा फोड आला नाही का गं?"

"नाही, खाला. फ्रान्समध्ये कुठून येणार?"

"मग ही तर उघडीच पडली, बये. वाळूमाशीला नवं कातडं बरोबर कळतं. त्या इटालियन इंजिनियराचं नाक बघितलंस ना?"

"बघितलं."

"बघितलंस म्हणे. बघायला उरलंय काय त्यात? मांडीवर लावून टाकू हिला. मांडीवरचं कोणाला दिसतंय? नवऱ्याला दिसेल, पण तोवर त्याची मान अडकलेली असेल."

ती खो खो हसली आणि तुझी मुलगीही न कळता हसली.

मला या प्रकाराची शिसारी आहे, मुनीर. एका पोराच्या फोडातला पू सुईवर घ्यायचा, दुसऱ्या पोराची मांडी खरवडायची आणि त्यात तो चोळायचा. मग ती मांडी महिनोन्महिने चिघळत राहते, खपली धरते, पडते, पुन्हा धरते आणि वर्षाने सुकते. बदल्यात चेहरा वाचतो, कारण सालाचा फोड एकदा झाला की जन्मात पुन्हा होत नाही. हे तू माझ्याहून जास्त जाणतोस. त्या फोडाच्या किड्यावरच तुझं पोट चालतं. आणि तो गालावर आला की काय होतं तेही तुला सांगायला नको. हे घर सोडेपर्यंत तू जेवताना नेहमी माझ्या उजव्या बाजूला बसायचास.

किळस आली तरी विचारावं लागतंच. लावू की नको, ते लवकर कळव. गच्चीवर झोपायचे दिवस आले आहेत आणि वाळूमाशी रात्रीच चावते.

बहिजा


४ जून

मुनीर,

विचारलं होतं हो की नाही. आलं व्याख्यान.

सहा पानं मी नीट वाचली. मी भूमिती शिकवते, तेव्हा पायरीपायरीने चाललेलं मला कळतं. तू म्हणतोस, कातडी ही पहिली भिंत. भिंतीला भोक पडलं की भक्षक पेशी धावत येतात, घुसलेल्याला गिळतात आणि पोटात विरघळवून टाकतात. रोज असे कितीतरी घुसतात आणि तिथेच संपतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. इथपर्यंत मला बरं वाटलं.

पुढे तू लिहितोस की वाळूमाशीचा किडा गिळलं जाण्याचीच वाट बघत असतो. भक्षक पेशीच्या पोटात तो विरघळत नाही. तिथेच संसार थाटतो, एकाचे दहा करतो आणि तिचं पोट फोडून शेजारणीच्या पोटात शिरतो. मग केव्हातरी टी-पेशींना खबर लागते. त्या येऊन भक्षक पेशीला जागं करतात, की बाई, चोर तुझ्याच पोटात आहे, आता तुझं पोट विषारी कर. तेव्हा कुठे किडा मरायला लागतो. या मारामारीला वर्ष लागतं. गालावर जो खड्डा राहतो तो नुसता किड्याने खाल्लेला नसतो, त्यातला बराचसा आपल्याच सैन्याने तुडवलेला असतो. आणि मग काही पेशी त्या किड्याची ओळख जन्मभर जपून ठेवतात, म्हणून तो पुन्हा आला की या वेळी त्याला उंबऱ्यावरच गाठतात.

त्या दिवशी मी चेरीचे कबाब केले होते. दाट, लाल रस्सा. तुझं पत्र वाचल्यावर भांडं तसंच शेजारी देऊन टाकलं. माझ्या गालात वर्षभर हे चाललं होतं आणि मला वाटत होतं की तो नुसता फोड आहे.

शेवटच्या पानावर तू मुद्द्यावर आलास. "माझ्या मुलीच्या अंगात कोणाचा पू जाणार नाही. ही घाण मी मागे टाकून आलो आहे." पुढे कारणही दिलंस. उंदरांच्या काही जाती जन्मतःच या किड्याला पुरून उरतात. तू त्याच गच्चीवर, त्याच माश्यांत वाढलास आणि तुला कधी फोड आला नाही. म्हणजे ती ताकद तुझ्या रक्तातच असणार आणि लमीसमध्येही उतरली असणार. रोज उंदरांत बघतोस म्हणे.

त्या उंदरांच्या पायात सुईने काय घालतोस, मुनीर? गुलाबपाणी?

ठीक आहे. मुलगी तुझी, शब्द तुझा. मच्छरदाणीच्या भोकांतून वाळूमाशी आरामात जाते, म्हणून मी मलमलीची शिवून घेतली आहे. आत हवा जात नाही. लमीसला गच्चीवर नेत नाही, खालच्या खोलीत झोपवते. तिच्या मानेवर घामोळं उठलं आहे. शेजारच्या गच्चीवर पोरं गाणी म्हणतात, ही मलमलीच्या आत पडून ऐकते आणि माझं लक्ष चुकलं की पाय बाहेर काढते. पाय बाहेर आला की पाठोपाठ तोंडही येतं.

बहिजा


२० जुलै

मुनीर,

तुझं दुसरं पत्र मिळालं. त्यात एक वाक्य आहे, "आईने मला असलं कधी केलं नाही, आई स्वच्छ बाई होती."

हे वाक्य तू लिहायला नको होतंस.

तुझ्या उजव्या मांडीवर मागे, बसलं की झाकलं जाईल अशा जागी एक डाग आहे. सिगारेटच्या कागदासारखी पातळ, चमकणारी कातडी. लहानपणी तू शेगडीवर बसलास असं तुला सांगितलेलं आहे. तू कधी शेगडीवर बसला नाहीस. आपल्या घरात तुला कोणी शेगडीच्या जवळसुद्धा जाऊ देत नव्हतं.

आई स्वच्छ बाई होती, हे खरं. मी तान्ही असताना उम्म सब्री सुई घेऊन आली, तर आईने "शी" म्हणून तिच्या तोंडावर दार लावलं. मी नऊ वर्षांची झाले तेव्हा माझ्या डाव्या गालावर तांबडा दाणा उठला. वाढला, फुटला, ओला राहिला. दुपारी मी झोपले की त्यावर घरमाश्या बसत. शाळेतल्या मुली बाक सोडून उठत. आईने माझं ताट वेगळं केलं. प्रेमाने केलं, त्या ताटावर निळी फुलं होती, पण वेगळं केलं.

तू चार वर्षांचा होतास. आईने एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, डोक्यावर चादर घेतली आणि स्वतः जाऊन उम्म सब्रीला बोलावून आणलं.

"पण चांगल्या घरचा फोड कुठे शोधायचा आता?" आई म्हणाली.

"शोधायचा कशाला? घरचाच आहे की," उम्म सब्री म्हणाली आणि तिने माझ्याकडे बोट केलं.

आईने माझं डोकं मांडीवर दाबून धरलं. "हलू नकोस गं, बहिजा. धाकट्यासाठी एवढं कर." उम्म सब्रीने खपलीची कड उचलली. पुढचं मी लिहीत नाही. मग तुला पालथं पाडलं. तू किंचाळलास. आईने तुला उचलून छातीशी घेतलं, जर्दाळूची वडी तोंडात घातली आणि आतल्या खोलीत फिरवत राहिली. मी अंगणात गाल धरून उभी होते. मला कोणी विचारलं नाही आणि तुला कोणी सांगितलं नाही.

मी हे उपकार म्हणून काढत नाही. मला त्या दिवसाची नुसती किळस आहे, माझी, आईची, त्या सुईची, तुझ्या किंचाळण्याचीसुद्धा. पण तुझ्या पेशी ज्या किड्याची ओळख जपून बसल्या आहेत तो माझ्या गालातला आहे. जन्मतः तुझ्यात काही नव्हतं. तुला जे आहे ते लावलेलं आहे, आणि अशी लागून आलेली ताकद बापाकडून पोरीला जात नाही, हे तूच दुसऱ्या पानावर लिहिलं आहेस. लमीसपाशी काहीच नाही. तिचा चेहरा सोललेल्या अंड्यासारखा कोरा आहे.

आता व्याख्यान नको. तार कर.

बहिजा


२९ ऑगस्ट

मुनीर,

तार नाही, पत्रही नाही.

लमीस बरी आहे. गल्लीतल्या पोरींकडून शिव्या शिकली आहे आणि त्या फ्रेंच वळणाने म्हणते, त्यामुळे सगळे तिला मुद्दाम चिडवतात. अंजिरं खाऊन ओठ सोलून घेतले. परवा माझ्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "आत्या, इथे कोण बसलं होतं?"

मी म्हटलं, "एक पाहुणा. वर्षभर राहिला."

"मग गेला का?"

"गेला. पण खुर्ची नेली."

ती बराच वेळ हसत होती. या गालाबद्दल माझ्यासमोर हसलेली ती पहिलीच.

लोहाराच्या तान्ह्या मुलीच्या मनगटावर फोड आहे, चांगला कोरडा आहे, असा निरोप उम्म सब्रीने पाठवला होता. मी नाही म्हणून कळवलं. तुझा शब्द पाळला आहे.

बहिजा


१७ ऑक्टोबर

मुनीर,

तुझं पत्र आज आलं. दाणा गुरुवारी आला.

डावा गाल, डोळ्याच्या जरा खाली. आधी वाटलं डास असेल. मी बोट फिरवून बघितलं. तो हाताला लागतो तसा दुसरा कुठलाही दाणा लागत नाही. मी तिचे केस विंचरून तिला शाळेत पाठवलं आणि मोरीत जाऊन ओकले.

तू लिहितोस की दोन आरसे धरून तू आपली मांडी बघितलीस. बघताक्षणी ओळखलंस, कारण असल्या डागांचे फोटो तुझ्या टेबलाच्या खणात गठ्ठ्याने पडले आहेत. इतकी वर्षं तू तो डाग आंघोळीला घेऊन जात होतास आणि खणातल्या फोटोंवर लेख लिहीत होतास. त्या दिवशी तुला उंदराच्या पिंजऱ्याला हात लावता आला नाही, असं लिहितोस. वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग शेवटी तुझा होकार. लाव म्हणतोस. सुई उकळ, ज्याचा फोड घ्यायचा त्या घरात कोणाला कावीळ झाली होती का विचार, कारण पुवाबरोबर दुसरेही रोग जातात. हे तू बरोबर लिहिलं आहेस. हे जूनमध्ये लिहिलं असतंस तर ते व्याख्यान झालं नसतं. पुढे लिहितोस की मे महिन्यात लावलं असतं तरी अंगात ताकद यायला वेळ लागतो, तोवर माशी कदाचित चावलीच असती.

तो "कदाचित" तू आपल्याकडे ठेव. अर्धा मला दे, कारण मला आता खरं लिहायचं आहे.

ऑगस्टमध्ये मी तुझा शब्द पाळला नाही. तुझी तार येत नाही म्हटल्यावर लमीसचा हात धरून मी लोहाराकडे गेले. त्या तान्हीचं मनगट सुजलेलं होतं, फोडावर माशी बसली होती आणि तिची आई ती हाकलतही नव्हती. उम्म सब्रीने सुई पदराला पुसली. मग अंगठ्यावर थुंकली आणि त्या अंगठ्याने लमीसची मांडी चोळायला लागली.

मी "शी" म्हटलं.

आईच्याच आवाजात म्हटलं, मुनीर. तसंच ओठ वाकडे करून. पोरीला ओढत घरी आणली आणि तुला लिहिलं की तुझा शब्द पाळला. या घरात प्रत्येकाने एकदा शी म्हटलं आहे आणि ते दर वेळी दुसऱ्याच्या गालावर निघालं आहे. आईचं माझ्या गालावर निघालं. तुझं आणि माझं मिळून तिच्या गालावर.

ती अजून विचारत नाही. उद्या परवा विचारेल.

बहिजा


२८ नोव्हेंबर

मुनीर,

इंजेक्शनांचा खोका मिळाला. शाळेचे डॉक्टर सोमवारपासून रोज टोचणार आहेत. फोड लवकर सुकेल, पण खूण राहील, असं तेही म्हणतात आणि तूही म्हणतोस. फोड आता फुटला आहे. कड उंच, मध्ये ओलं. वर्गातल्या मुली बाक सोडून उठल्या तर ही त्यांच्या मागे पळत जाते आणि गाल पुढे करते, की त्या किंचाळत सुटतात. मास्तरणीने मला बोलावून तक्रार केली. मी ऐकून घेतलं आणि घरी येऊन तिला पिस्त्याची बर्फी दिली.

आम्ही एकाच ताटात जेवतो. हे तुला कळावं म्हणून लिहिते.

आज दुपारी उम्म सब्री आली. मी दार अर्धंच उघडलं.

"काय हवंय, खाला?"

"तुला माहितीये काय हवंय ते. भिंतीपलीकडच्या वफाची पोरगी पाच महिन्यांची झाली. पुढच्या उन्हाळ्याच्या आत हिच्यावरून लावून घेऊ म्हणते. तुझ्या डॉक्टर भावाची पोर, स्वच्छ घर. आणि सोमवारनंतर फोड कामाचा राहणार नाही म्हणे."

"गल्लीत दुसरी पोरं नाहीत?"

"आहेत की. वफाला हिचाच पाहिजे. तू फार नाक मुरडू नकोस हं बहिजा, तुझ्यावरून घेतला तेव्हा तू एवढीशी होतीस पण हूं की चूं केलं नाहीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार लावणारच होते, तेवढ्यात लमीस माझ्या कमरेखालून डोकं घालून उभी राहिली.

"आत्या, काय हवंय हिला?"

मी तिला अंगणात नेलं, हौदाच्या काठावर बसवलं आणि सगळं सांगितलं. सुई, खपली, वफाचं बाळ, मांडी. तू सहा पानांत लिहिलंस तेही सांगितलं, जमेल तसं. की तिच्या अंगात आत्ता मोठी मारामारी चालू आहे, ती मारामारी तीच जिंकणार आहे, आणि जिंकल्यावर तिचं अंग त्या चोराचा चेहरा कधी विसरणार नाही. बाळाच्या अंगाला तो चेहरा आधीच दाखवून ठेवायचा आहे, मांडीवर, म्हणजे तोंडावर आला तर त्याला ओळखेल.

ती गाल न खाजवता बसली होती. खाजवायचं नाही हे तिला मी शिकवलं आहे.

"मला दुखेल?"

"दुखेल."

"बाळाला?"

"तिलाही दुखेल. आणि मांडी बरेच दिवस घाण दिसेल."

"पण तोंडावर येणार नाही?"

"नाही."

"आत्या, तू नको म्हणतेस का?"

"मला किळस येते गं," मी म्हटलं. "पण गाल तुझा आहे. तू सांग."

"चालेल," ती म्हणाली. "पण ती मोठी झाली की तिला सांगायचं. की हे माझ्याकडून आहे. शेगडी बिगडी नाही सांगायचं."

शेगडीचं तिला कोणी सांगितलं, ते विचारू नकोस. तुझी पत्रं मी नीट ठेवते, माझी मी मोठ्याने वाचून बघते, आणि ही पोर दाराआड उभी असते.

उम्म सब्री दारातच थांबली होती. मी तिला ती अट सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. म्हणाली, "वफाला सांगते. कबूल नसेल तर दुसरं पोर शोधेल." मग वाकून आत डोकावली आणि जरा वेळ माझ्या गालाकडे बघत राहिली. मी तोंड फिरवलं नाही.

वफा कबूल झाली. भिंतीवरूनच ओरडून सांगितलं.

वफाच्या घरात कावीळ कोणाला झाली नव्हती, आपल्याही नाही, ते विचारून घेतलं आहे. उम्म सब्रीला साबणाने दोनदा हात धुवायला लावले आणि तिने मला तोंडभर शिव्या दिल्या. सुई पातेल्यात उकळते आहे आणि मी इथे चुलीपाशी उभ्याने हे लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. पाण्याला लोखंडाचा वास येतो आहे. माझ्या घशाशी आंबट आलं आहे आणि ते मी गिळून टाकते आहे. लमीसचं डोकं मी दाबून धरणार नाही. ती म्हणाली, मी नुसता हात धरायचा.

तू वर्षअखेरीस येणार म्हणतोस तर ये. ती तुला गाल दाखवायला दारापर्यंत धावत येईल, तेव्हा नीट बघ. आणि जेवायला बसशील तेव्हा एक लक्षात ठेव, माझ्या उजवीकडे आता ती बसते. तुझ्यासाठी डावी बाजू मोकळी आहे.

बहिजा